आगाऊ साक्ष

माझ्या वन्सं काजं करायच्या. कोटाची काजं, हाताने. मशीनवर मिनिटाला चार काजं होतात आणि चार धुण्यांत उसवतात. वन्संचं एक काज वीस मिनिटांचं असायचं. खडूने रेघ, रेघेच्या टोकाला टोच्याने भोक, मग बारीक छिन्नीचा एकच ठोका. त्यानंतर रेशमी दोरा मेणाच्या वडीवरून ओढायचा आणि कडेने गाठीमागे गाठ घालत जायचं. नवीन पोरींना शिकवताना त्या सांगायच्या, "गाठी बाकावर बसलेल्या मुलींसारख्या हव्यात. एकमेकींना खेटून, पण कोणी कोणाच्या मांडीवर नाही."

टेलरमास्तरांच्या दुकानात त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली. खिडकीखालचं स्टूल त्यांचं. मास्तर गिऱ्हाइकाला कोट घालून दाखवताना आधी काज उलटं करून दाखवायचे आणि मग कापड. "कोट मी शिवतो, पण त्याला तोंड बाई देतात," म्हणायचे. वन्सं मान वर न करता म्हणायच्या, "मास्तर, तोंड कमी आणि हात जास्त चालवा, शनिवारी द्यायचाय तो."

लग्नानंतर तीनच वर्षांत त्यांचे यजमान गेले. मूल नव्हतं. आमच्या समोरचीच एक खोली त्यांची होती. जेवण आमच्याकडे, झोप त्यांच्याकडे, आणि प्रार्थना दोन्हीकडे. पण ती प्रार्थना कोणाच्या कानावर पडायची नाही. एका काजाला शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एक वचन, असा त्यांचा हिशेब होता. ओठ हलायचे, बस्स. भगिनी मंडळात पाळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करायची वेळ आली की यांच्या पाळीला दोन वाक्यांत आमेन व्हायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "अगं, त्याला काय ठाऊक नाही का? उगाच कशाला सगळं परत ऐकवायचं."

आमच्या ह्यांचा देवावर विश्वास आहे आणि पाळकांवर नाही, असं हे स्वतः सांगतात. मला विचाराल तर ह्यांचा विश्वास रविवारच्या झोपेवर आहे. त्यामुळे चर्चला आम्ही दोघीच जायचो, नणंद आणि भावजय. लोक म्हणायचे, सख्ख्या बहिणीसुद्धा इतक्या जोडीने फिरत नाहीत.

पुढे वन्संना डावीकडच्या वस्तू लागायला लागल्या. आधी दाराची चौकट. मग मोरीतला नळ. मी डावीकडून चहाचा कप पुढे केला की त्यांचा हात तो उडवायचा आणि वर मलाच ऐकायला मिळायचं, "मांजरासारखी येतेस, आवाज तरी कर." मला वाटलं वयाचं असेल. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका यंत्राला डोळा लावून बसवलं. आत ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. वन्सं अगदी मन लावून बसल्या होत्या. शेजारच्या पडद्यावर मला ठिपके चमकताना दिसत होते आणि बटण दाबलं जात नव्हतं. कागद बाहेर आला तेव्हा त्याच्या कडेला शाई सांडल्यासारखा काळा पट्टा होता.

डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. "हा चोर आहे, बाई. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नेत राहतो. नेलेलं परत मिळत नाही. रोज संध्याकाळी थेंब टाकलेत तर उरलेलं राहील. पण रोज. एक दिवस चुकवायचा नाही, आणि बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही, कारण बरं असं काही वाटणारच नाही."

त्या औषधाची बाटली थंड ठेवायची होती आणि वन्संकडे फ्रिज नव्हता. म्हणून ती माझ्या फ्रिजच्या दारात आली. बाटली उघडली की खोक्यावर तारीख लिहायची, महिन्याने ती टाकून नवी घ्यायची. तारीख मी लिहायचे. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे मला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हा प्रश्न येणार आहे.

त्याच सुमाराला आमच्याकडे नवे पाळक आले. त्यांच्याबद्दल वाईट लिहायचं तर सोपं आहे, पण खोटं होईल. तरुण, उत्साही माणूस. चर्चच्या भिंतींना त्यांनी स्वतः शिडीवर चढून रंग दिला. मरणाला टेकलेल्या एका म्हाताऱ्याच्या उशाशी हा माणूस तीन दिवस बसला, त्याची बेडपॅनसुद्धा उचलली. त्यांच्या आईचं एक मोठं दुखणं, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, नुसत्या प्रार्थनेने गेलं होतं. जे आपल्या घरात झालं ते सगळ्यांच्या घरात होईल, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं.

आमच्याकडे साक्ष वर्षातून एकदा द्यायची पद्धत होती. वर्ष संपताना उभं राहायचं, देवाने काय केलं ते सांगायचं, बसायचं. नव्या पाळकांनी ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आणली, आणि नुसती महिन्यावर आणली नाही, तर पुढे ओढली. म्हणजे मागितलेलं मिळाल्यावर आभार मानण्यात विश्वास तो कसला? मिळायच्या आधीच, मिळालं म्हणून उभं राहायचं. त्याला ते आगाऊ साक्ष म्हणायचे. पुढे एक माईक, शेजारच्या टेबलाशी सेक्रेटरी वही घेऊन बसलेले. साक्षीला क्रमांक पडायचा. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तर पांघरुणातून आवाज आला, "नावातच सगळं आलं."

वन्संच्या डोळ्यांसाठी चर्चच्या मंडळींनी साखळी प्रार्थना धरली होती. चाळीस दिवस, चाळीस घरं. लोक खरंच प्रेमाने करत होते. पण मग दर रविवारी दारात उभं राहून विचारायचे, "काही फरक?" वन्संना नाही म्हणवेना. कोणी आपल्यासाठी खपून स्वेटर विणून आणावा आणि आपण त्याला बाही आखूड आहे म्हणावं, तसं त्यांना वाटायचं. मग त्या म्हणायच्या, "आहे हो, थोडा." पुढच्या रविवारी तोच प्रश्न, आणि उत्तर जरासं वाढवून. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. ज्या बाईने उभ्या आयुष्यात काजाची एक गाठ खोटी घातली नाही, तिने चर्चच्या दारात अशा गाठी किती घातल्या असतील.

आणि एका पहिल्या रविवारी माझ्या शेजारून त्या उठल्या. मला वाटलं, बाहेर जायचं असेल. तर त्या माईकपाशी. "प्रभूने माझे डोळे बरे केले," एवढंच म्हणाल्या आणि परत फिरल्या. क्षणभर कोणाला कळेना, कारण त्या बाईचा आवाज कोणी कधी ऐकलाच नव्हता. मग टाळ्या सुरू झाल्या. पाळकांच्या डोळ्यांत पाणी आलं, अगदी खरं पाणी. वन्सं येऊन बसल्या तेव्हा त्यांचा हात माझ्या हाताला लागला. बर्फासारखा होता.

घरी जाताना मी विचारलं, वन्सं, खरंच दिसायला लागलं का? तर म्हणाल्या, "खरं करणं त्याच्याकडे. मी फक्त आधी सांगितलं."

त्या संध्याकाळी त्या थेंबांसाठी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी बाटली घेऊन त्यांच्या खोलीत गेले तर त्यांनी माझा हात हळूच खाली केला. लोकांसमोर बरी झाले म्हणायचं आणि घरी येऊन थेंब टाकायचे, म्हणजे त्याला खोटं पाडणं, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घालायला लागले. सैतानाने येशूला मंदिराच्या टोकावर नेलं आणि उडी मार म्हटलं, देवदूत झेलतील म्हणाला, तेव्हा येशूने उडी मारली का, असंही बोलून गेले. वन्संनी ऐकून घेतलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "तुझा विश्वास नाही का गं?"

ह्या प्रश्नाला विश्वासणाऱ्यांच्या घरात उत्तर नसतं. मी गप्प बसले.

गप्प बसले म्हणजे किती, तर अकरा महिने. फ्रिज उघडला की दारात ते खोकं दिसायचं, माझ्याच अक्षरातल्या तारखेचं. दुधाची पिशवी त्याच्या शेजारी ठेवायची, काढायची. मी कॉलेज शिकलेली बाई आहे. त्या डॉक्टरीणबाईंचं वाक्य न वाक्य मला पाठ होतं. पण रविवारी लोक आमच्या बाकाशी येऊन वन्संचा हात हातात घ्यायचे, माझ्याकडेही आदराने बघायचे, आणि ते मला आवडत होतं. शिवाय मनाच्या कोपऱ्यात होतंच, की न जाणो, झालंही असेल. आपण मध्ये कशाला. देवावर भार टाकणं आणि आपला भार देवावर ढकलणं ह्यांत फरक आहे, तो मला पुस्तकातून ठाऊक होता. फ्रिजच्या दारात मला तो दिसला नाही.

एका दुपारी मास्तर घरी आले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. काखेत कागदात गुंडाळलेला कोट. बसले, चहा घेतला, पंख्याची चौकशी केली, दुसरा चहा घेतला. वन्सं दुकानातच होत्या. शेवटी त्यांनी कोट माझ्या पुढ्यात उलगडला. खडूची खूण जागच्या जागी होती आणि छिन्नी दोन बोटं बाहेर पडली होती. एकदा नाही, तीनदा. "उसवता येतं वहिनी, कापलेलं काय करू," म्हणाले, आणि मग गिऱ्हाइकाचं, कापडाचं काही न बोलता एवढंच विचारलं की बाईंना सांगू कसं. त्यांनीच सांगितलं दुसऱ्या दिवशी. उद्यापासून तुम्ही घड्या घाला म्हणाले. वन्सं "बरं" म्हणाल्या आणि छिन्नी पुसून मास्तरांच्या टेबलावर ठेवून आल्या.

मी वन्संना परत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "थेंब?"

"मी साक्ष दिली होती," वन्सं म्हणाल्या.

"कुठल्या केसमध्ये?"

मग मी समजावून सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. वन्संना सोडून माझ्याकडे वळल्या. "तुम्ही बरोबरच राहता ना? शिकलेल्या दिसता." डावा डोळा गेला होता. उजव्याने नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसत होतं. थेंब परत सुरू झाले, उरलेल्या नळीपुरते.

वन्सं रडल्या नाहीत. पण शास्त्र वाचता येईना हे त्यांना फार लागलं. मग रोज दिवेलागणीला मी मोठ्याने वाचायला लागले. एकदा त्या आंधळ्या माणसाची गोष्ट आली, ज्याला येशू हाताला धरून गावाबाहेर नेतो. त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडं चालत असल्यासारखी. मग येशू पुन्हा हात ठेवतो, आणि त्याला नीट दिसतं. शंभरदा वाचलेली गोष्ट. मी पान उलटणार तर वन्संनी माझं मनगट धरलं.

"थांब. त्याला प्रभूने स्वतः विचारलं ना, काही दिसतं का म्हणून? आणि तो खरं बोलला. समोर कोण उभा आहे, त्याला काय वाटेल, काही बघितलं नाही. अर्धवट दिसतंय म्हणाला. म्हणून दुसऱ्यांदा हात ठेवला." त्यांनी माझं मनगट सोडलं. "मी पहिल्यालाच सगळं दिसतं म्हणून मोकळी झाले. दुसऱ्यांदा हात ठेवायला जागाच ठेवली नाही मी त्याला."

थेंबांची बाटली हाच तो दुसरा हात असेल, हे त्या बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाळकांकडे गेलो. चर्चच्या वर्धापनदिनाची साक्षींची पुस्तिका निघणार होती. वन्संच्या दोन मागण्या होत्या. माझी साक्ष त्यातून काढा, आणि मला माईकवर उभं राहून खरं सांगू द्या. पाळक ऐकून पांढरे पडले. खूप वेळ डोकं धरून बसले, आणि ते सोंग नव्हतं. मग म्हणाले, देवाचा उशीर म्हणजे नकार नव्हे. म्हणाले, अशाने जे विश्वासात कोवळे आहेत ते अडखळतील. "साक्ष देवाला दिलेली असते, मावशी. ती परत घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही." मी मध्ये पडून म्हटलं, लूक वैद्य होता, पौलाने त्याला प्रिय म्हटलंय, औषध टाकून ये मग प्रिय म्हणतो असं नाही म्हटलं. ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "ताई, थेंब बंद करा असं मी कधी एकदा तरी सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. खरंच कधी नव्हतं सांगितलं.

पुस्तिकाही छापून आली होती. पाचशे प्रतींचे गठ्ठे सुतळीने बांधून वन्संच्या डाव्या कोपराशी रचलेले होते. त्या तिकडेच बोट करून म्हणत होत्या, छापू नका. त्यांना दिसत नव्हते. मला दिसत होते.

वन्संचा डोळा गेल्याची बातमी मंडळीत अर्धीमुर्धी पसरली, पण कोणी पुढे येऊन विचारलं नाही. "काही फरक?" हा प्रश्न एकाएकी बंद झाला. मागच्या बाकावरून मात्र कानावर आलं, "विश्वासात कुठेतरी टाका सुटला असणार." ज्या बाईच्या तोंडून ते आलं ती वन्संनी शिवलेलाच ब्लाउज घालून बसली होती.

मग गुरुवारी पाववाली आली. कोपऱ्यावरच्या बेकरीत गल्ल्यावर बसणारी, आमच्याच मंडळीतली. मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची बाई, पाव मोजताना डझनाला एखादा जास्तच टाकणारी. तिला जुनी साखर होती, दिवसातून दोनदा इंजेक्शन. हातात पुस्तिका, सातव्या साक्षीचं, म्हणजे वन्संच्या साक्षीचं, पान दुमडलेलं. वन्संचे दोन्ही हात धरून तिने सांगितलं की हे वाचून तिला बळ आलं. सोमवारपासून इंजेक्शन सोडलं. येत्या पहिल्या रविवारी साक्ष देणार.

वन्सं उठून उभ्याच राहिल्या. "अगं, मला दिसत नाही," म्हणाल्या. "डावा डोळा गेला माझा. ते खोटं आहे त्यात छापलंय ते."

पाववाली हसली. कुत्सितपणे नाही, आजाऱ्याला समजावताना हसतात तसं. "शेवटी शेवटी सैतान असंच बोलायला लावतो, मावशी. तुम्ही परीक्षेत आहात. मी करते ना तुमच्यासाठी प्रार्थना." आणि तिने वन्संच्या डोळ्यांवर आपले तळवे ठेवले आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली. तळव्यांना खमिराचा वास होता. वन्सं त्याखाली हुंदके देत होत्या आणि पाववालीला वाटत होतं, पवित्र आत्मा काम करतोय.

मी काय करायचं बाकी ठेवलं? पाळकांकडे गेले. ते म्हणाले, मी बोलतो तिच्याशी, रविवारी नक्की बोलतो. तिच्या लेकीला दुकानात गाठलं. ती पाव बांधता बांधता म्हणाली, "आई ऐकते का कोणाचं? आणि नाव तर तुमच्याच वन्संचं घेते. तुम्हीच आता उलटं सांगता, मी कोणाचं खरं मानू?" बिचारीचं चुकीचं काहीच नव्हतं. माझं तोंड अकरा महिने कुठे होतं, एवढंच विचारायचं तिने बाकी ठेवलं.

रविवारी वन्संनी मला सांगितलं, मला हाताला धरू नकोस. बाक मोजत, एकेका बाकाच्या कडेला बोट लावत त्या पुढे गेल्या. साक्षींची वेळ झाली होती. लोकांना वाटलं पुन्हा काही आभार असतील, म्हणून सगळे कौतुकाने बघत होते. त्यांनी माईक चाचपून धरला.

"गेल्या वर्षी इथे उभी राहून मी सांगितलं, माझे डोळे बरे झाले. ते झाले नव्हते. प्रभूने मला फसवलं नाही. मी त्याच्या नावाने घाई केली. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलले, आणि मग माझंच बोलणं खरं करायला औषध सोडलं. डावा डोळा गेला."

चर्चमध्ये कापड फाटल्यासारखी कुजबुज झाली. पाळकांनी ऑर्गनवाल्याकडे बघून मान हलवली. सूर सुरू झाले, मंडळी गीताला उभी राहिली, आणि सेक्रेटरींनी वाकून माईकचं बटण बंद केलं. तीनशे माणसांचं गाणं, त्यात वन्संचे ओठ हलताना दिसत होते. मी सगळ्यात पुढे धावले म्हणून मला ऐकू आलं. "पाववाल्या बाई, जिथे बसला असाल तिथून ऐका. इंजेक्शन घ्या. माझ्या नावावर सोडू नका."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं की ती आलेलीच नाही. तिचा बाक रिकामा आहे.

वन्संनी माईक सोडला. "चल," म्हणाल्या.

बेकरीचं शटर अर्धं खाली होतं. वरच्या खोलीत पाववाली कॉटवर पडली होती. श्वास धावून आल्यासारखा, ओठ कोरडे, आणि खोलीभर सडायला आलेल्या फळांचा वास. लेक उशाशी गुडघ्यावर. रात्रभर उलट्या झाल्या म्हणाली, पण आईने शपथ घातलीय, आज साक्षीचा दिवस आहे, दवाखाना नाही. मी गाडी बोलवायचं म्हटलं तर ती पोर माझ्या आडवी आली. रडत होती, पण हटेना.

वन्सं तिच्या समोर उभ्या राहिल्या. "ती सातवी साक्ष माझी. माझ्याकडे बघ. आता तुझा हात वर कर, माझ्या डाव्या बाजूला, आणि हलव."

मुलीला काही कळेना, पण तिने हात उचलला. वन्सं समोर बघत राहिल्या, वाट बघत.

"हलवलास का?"

"केव्हाची हलवतेय, मावशी."

पुढे काही बोलावं लागलं नाही. मुलीचा हात तसाच हवेत राहिला क्षणभर, मग ती जिन्यावरून ओरडत खाली धावली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा दिवस गेला असता तर आणायची तसदी घ्यावी लागली नसती. पाच दिवस पाववाली अतिदक्षता विभागाच्या काचेच्या खोलीत होती. वन्सं रोज बाहेरच्या बाकावर जाऊन बसायच्या. आत कोणी बोलावलं नाही.

त्यानंतर भगिनी मंडळाची बैठक वन्संच्या खोलीत व्हायची ती बंद झाली. कारण कोणी सांगितलं नाही, फक्त जागा बदलली. आमच्या बाकावर आता ऐसपैस बसायला मिळतं. पाळक उपासनेनंतर दारात हात मिळवतात, आमच्याशीही मिळवतात, तेव्हा त्यांची नजर आमच्या मागच्या माणसावर असते. आमचे हे एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एका रविवारी कपडे करून तयार झाले, बहिणीच्या शेजारी बसायला. दोन रविवार आले, तिसऱ्या रविवारी झोपले. पण आले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पाववाली माईकवर उभी राहिली. निम्मी झाली होती, पण आवाज तोच. प्रभूने तिला मरणाच्या दारातून ओढून काढलं, असं तिने सांगितलं. दवाखान्याचं नाव नाही, इंजेक्शनचं नाही, लेकीचं नाही, वन्संचं तर नाहीच. टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी वहीत क्रमांक टाकला. परत जाताना ती आमच्या बाकाजवळून गेली आणि तिने मान दुसरीकडे फिरवली. वन्सं मात्र मोठ्याने आमेन म्हणाल्या. मी म्हटलं नाही.

बाहेर पडल्यावर मी धुमसत होते. बोलून टाकलं की ही बाई तुमच्यामुळे उभी आहे आणि तिला तुमचं नाव घेववलं नाही. वन्सं माझ्या दंडाला धरून चालत होत्या, पायाने रस्ता चाचपत.

"इंजेक्शन घेते ना पण?" त्यांनी विचारलं.

मी तिच्या लेकीला सकाळीच विचारलं होतं. दोन वेळा घेते, दाराला कडी लावून, कोणाला दिसू नये म्हणून.

"घेते," मी म्हटलं.

"मग म्हणू दे तिला काय म्हणायचं ते."

वन्संना ते जमलं. मला नाही जमत, आणि जमवावं असंही अजून वाटत नाही. पुस्तिका अजून चर्चच्या मागच्या टेबलावर असतात, येणाऱ्याने घेऊन जाव्यात म्हणून. दर रविवारी निघताना मी आठ-दहा उचलून पिशवीत टाकते आणि घरी नेऊन फाडते. त्या दिवशीही माझ्या खांद्यावरच्या पिशवीत अकरा होत्या. छापल्या पाचशे होत्या. बाकीच्या कुणाकुणाच्या घरी, कुणाच्या उशाशी आहेत, सातव्या साक्षीच्या पानावर दुमडलेल्या, ते मला ठाऊक नाही.